तांडेलाचं तिसरं बटण

कासिम चाचांनी दाबलं ते बटण ‘निघतो’चं होतं. निदान सोमवारपर्यंत होतं. मंगळवारी मी ते एक घर खाली सरकवलं, त्याच्या जागी दुसरं वाक्य बसवलं, आणि ज्या माणसाला हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं नेमकं त्यालाच सांगितलं नाही. संध्याकाळी चाचांनी सवयीने तिसरं बटण दाबलं. चार महिने त्यांनी जपून झाकलेली गोष्ट त्यांच्या मुलासमोर एका क्षणात उघडी पडली. मुलगा निघून गेला. जाताना जे बोलला तेही मीच लिहिलेलं होतं.

म्हणजे भांडण बापलेकाचं आणि संवाद दोन्हीकडचे माझे. अशी संधी लेखकाला क्वचित मिळते. मिळू नये.

माझं नाव संघर्ष. वडिलांनी मोठ्या आशेने ठेवलं, मी निघालो तडजोड करणारा. परंड्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. केलं आणि महाप्याच्या एका कंपनीत संवाद लिहायला लागलो. राहायला घणसोली गावात एक खोली आहे. तिची खिडकी उघडली की समोरच्यांच्या कपाटाचा आरसा दिसतो, त्यामुळे दाढी करायची सोय आहे.

आमची कंपनी फोनवर खेळायचा एक ऑनलाइन खेळ चालवते, ‘सात खाड्या’ नावाचा. आधी आपण कोण व्हायचं ते निवडायचं. शिपाई, वैदू, व्यापारी, मिठागरातली आगरीण किंवा तांडेल, म्हणजे होडीचं सुकाणू ज्याच्या हातात असतं तो. मग त्या माणसाच्या अंगात शिरून जुन्या काळच्या किनाऱ्यावर हिंडायचं. कुठूनकुठून खेळणारी खरी माणसं तिथे भेटतात, त्यांच्याशी बोलायचं. बोलायचं म्हणजे बटण दाबायचं. सुरुवातीला मोकळं टाइप करता यायचं. पण नाव लपवून मोकळं लिहायला मिळालं की आपला माणूस दहा मिनिटांत समोरच्याच्या आईपर्यंत पोचतो, हे कंपनीला महिन्याभरात कळलं. टायपिंग बंद झालं. तेव्हापासून प्रत्येक पात्राला तीन बटणं आणि तीन वाक्यं. ती वाक्यं मी लिहायचो.

आमच्या परंड्याकडे पाण्याचा टँकर आला तरी लोक बघायला जमतात. समुद्र मी तेविसाव्या वर्षी पाहिला. अशा माणसाने लिहिलेला तांडेल जसा बोलेल तसाच तो बोलायचा: ‘आपणास कोठे जावयाचे आहे?’, ‘कृपया होडीत स्थानापन्न व्हावे’, आणि ‘निघतो’. शिपाईही तसाच, वैदूही तसाच. सगळा किनारा तहसील कचेरीत कामाला असल्यासारखा.

तक्रारींच्या खात्यात एक दिवस दोन ओळी आल्या. पाठवणाऱ्याचं नाव ‘मोरा लाँच’.

‘तुमचा तांडेल तलाठी हाय काय? आनि तुमच्या खाडीला ओहोटी येत नाय. बघून घ्या.’

आमच्या लीड स्मिता मॅडम. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. सगळं ऑफिस हसलं, मी सोडून.

“संघर्ष, हसण्यासारखं नाहीये,” त्या मलाच म्हणाल्या. “बरोबर बोलतोय तो. प्रत्येक पात्राला त्याची त्याची भाषा द्यायची आणि तीनऐवजी चार बटणं करायची. ह्या माणसाला गाठ. बस, ऐक, लिहून आण.”

“आणि ओहोटी?”

“ओहोटी बजेटमध्ये नाही.”

‘मोरा लाँच’ म्हणजे उरणचे कासिम चाचा. पत्ता मिळवून मी बसने उरणला गेलो. मोहल्ल्यातलं बसकं, कौलारू घर. दार त्यांच्या मुलीने, नूरीनने उघडलं. ती चोविसेक वर्षांची, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या पेट्यांचे नंबर टिपते. मी कोण ते सांगितलं, तर तिने मला दारातच थांबवलं.

“एक सांगते. अब्बा बोलत नाय. रागवलेत म्हनून नाय. आवाज काढून घेतलाय त्यांचा.”

चाचा आत पलंगावर बसले होते. साठीचे, रुंद खांद्यांचे, गळ्यात लहान मुलाला बांधतात तसा पांढरा रुमाल. रुमालाखाली भोक होतं आणि श्वास तिथूनच येत-जात होता. घशाचा कॅन्सर, तीन वर्षांपूर्वीचं ऑपरेशन. हातात एक पाटी होती. पोरांच्या खेळण्यांत मिळते ती, वर पातळ प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर काडीने लिहायचं आणि कागद उचलला की सगळं पुसलं जातं. त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि लिहिलं:

‘पवता येतं?’

“नाही,” मी म्हणालो.

कागद उचलला. पुन्हा लिहिलं: ‘मग तांडेल कसा लिवतो?’

“पगारासाठी.”

त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नसलेलं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. नूरीन म्हणाली, “बसा आता. पास झालात.”

त्या दिवशी आणि पुढच्या दोन रविवारी मिळून मला जे कळलं ते असं. कासिम चाचांचे वडील शिडाच्या मचव्यावर होते. चाचा मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले आणि मग मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर लागले. तिसाव्या वर्षी तांडेल झाले. लाँचला भोंगा होता, पण तो त्यांनी कधी वाजवला नाही. भोंगा यंत्राचा, आवाज मानसाचा, असं त्यांचं म्हणणं. सुटायच्या आधी धक्क्यावर उभे राहून ते ओरडायचे, “एऽऽ पाय उचला, पानी थांबनार नाय!” नूरीनच्या म्हणण्याप्रमाणे ही हाक घरात ऐकू यायची आणि त्यावर अम्मी भात चढवायची. घरापासून धक्का तीनेक किलोमीटर. मी शंका काढली नाही. आमच्या गावचे म्हातारे याहून मोठं सांगतात.

आवाज हीच त्यांची मिळकत. गोरे नव्हते, उंच नव्हते, घरात दोन खोल्या. पण निकाहाच्या बोलणीत म्हसळ्याच्या मंडळींनी विचारलं, मुलगा कोणता, तर सांगणाऱ्याने एवढंच सांगितलं म्हणे, तो ओरडतो तो. साबिरा चाचींनी त्या ओरडण्यालाच होकार दिला.

आता धक्क्यावर स्पीकर बसवलाय. रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज येतो, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’. ऑपरेशननंतर चाचा एकदा तिथे जाऊन बसले. पाटीवर लिहून त्यांनी मला सांगितलं, ‘ती बाई तुझी कोन?’

माझी वही भरत चालली. “बसून घ्या, उभं कोन ऱ्हाऊ नका.” “पलीकडं जायचं का परत यायचं?” असली वाक्यं मला सात जन्मांत सुचली नसती. मी खूश होतो. माणसाकडून एवढं घेतलं तर त्याचं आपल्याकडे काय काम असेल, हा विचार मला तिसऱ्या रविवारपर्यंत शिवला नाही.

तिसऱ्या रविवारी नूरीनने चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “संघर्षभाई, अब्बा हा गेम कशाला खेळतात, तुमी इचारलं नाय कदी.”

“टाइमपास?” मी म्हणालो.

ती अब्बांकडे बघत राहिली. त्यांनी मान हलवली, तेव्हा तिने सांगायला सुरुवात केली.

आठ वर्षांपूर्वीचा दिवस. दुपारचा दीड. साबिरा चाचींच्या छातीत दुखायला लागलं. घरात मुलगा होता, रायान, एकवीस वर्षांचा. नूरीन तेव्हा शाळेत. रायानने धक्क्यावर फोन लावला. चाचा म्हणाले, “गॅस असंल. लिंबू-सोडा दे. दोनची घालून येतो.” ओहोटी लागली होती. मोऱ्याला पाणी उतरलं की लाँच चिखलात बसते. दोनला सोडली नसती तर संध्याकाळपर्यंत हलली नसती, आणि साठ माणसं तिकीट काढून आत बसली होती. चाचांनी दोनची घातली. एक तास जायला, एक तास यायला, आणि परतल्यावर लाँच बाहेर खोल पाण्यात नांगरून लहान होडीने धक्क्यावर. रायान आईला घेऊन रिक्षात बसला. ती रिक्षातच गेली.

“साडेचारला अब्बा घरी आले,” नूरीन म्हणाली. “भाई दारात उभा होता. त्याला वाटलं, आता काय तरी बोलतील. अब्बा त्याच्या बाजूनं आत गेले. चाळीस दिवस भाई घरात होता. कायच बोलले नाय. एवढा मोठा आवाज मानसाचा, नि चाळीस दिवस एक शब्द नाय. चाळीसावा झाला नि भाई ओमानला गेला.”

रायान आता सोहारच्या बंदरावर क्रेन चालवतो. बापाचा नंबर त्याने ब्लॉक केला. बहिणीशी ईदला बोलतो, तेवढंच. पुढे चाचांचा आवाज गेला. नूरीनने त्यांच्या वतीने दोनदा पत्र टाइप करून पाठवलं, ‘प्रिय रायान, झाल्या प्रकाराबद्दल मला अतिशय वाईट वाटते’ वगैरे. रायानने उत्तर दिलं, हे तू लिहिलंयस, अब्बा असं बोलत नाहीत. बरोबरच होतं त्याचं. त्या पत्रातला बाप माझ्या तांडेलाचा सख्खा भाऊ होता.

मग एका ईदला तो बोलता बोलता बोलून गेला की कामावरून आल्यावर तो ‘सात खाड्या’ खेळतो, मराठी वाचायला मिळतं म्हणून. शिपाई आहे, नाव ‘उरणकर०७’. नूरीनने त्याच दिवशी तो खेळ अब्बांच्या फोनवर घातला. चाचांनी तांडेल निवडला, खेळातलं नाव मुद्दाम भलतंच घेतलं. आणि गेले चार महिने, रोज संध्याकाळी, तिकडे रायान कामावरून सुटला की इकडे चाचा खेळातल्या धक्क्यावर होडी लावून उभे राहतात. शिपाई येतो. पलीकडे जायला होडी लागतेच. तांडेल विचारतो, ‘आपणास कोठे जावयाचे आहे?’ शिपाई बटण दाबतो, ‘पलीकडे’. तांडेल त्याला खाडी ओलांडून सोडतो आणि तिसरं बटण दाबतो, ‘निघतो’. संपलं. धक्क्यावर दहा होड्या असल्या तरी तो शिपाई हीच होडी पकडतो, कारण हा तांडेल प्रवासी बसल्याशिवाय होडी हलवत नाही. खेळात तशी गरज नसते. रायानला माहीत नव्हतं तांडेल कोण आहे. तो फक्त रोज येत होता.

“रोज सोडतात त्याला पलीकडं,” नूरीन म्हणाली. “दोन मिन्टं.”

चाचा लिहीत होते. पाटी माझ्याकडे फिरवली.

‘तांडेल माफी कशी मागंल?’

हे त्यांचं काम होतं. सगळ्या तांडेलांना मिळतं तसं एक बटण, त्यावर ते एक वाक्य. रायानला पटेल की हे कुठल्या पोरीने किंवा मास्तराने नाही, खाडीतल्या माणसाने म्हटलंय. पटलं तर तो थांबेल, मग पुढचं पुढे. घशाच्या उजव्या बाजूला पुन्हा गाठ आली होती, त्यामुळे पुढचं फार लांबवून चालणार नव्हतं. हे त्यांनी लिहिलं नाही, नूरीनने सांगितलं.

मी म्हणालो, “त्यात काय, आत्ता लिहू.” बी. ए. मराठी म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

“मला क्षमा कर,” मी म्हणालो.

पाटी: ‘मास्तर.’

“सॉरी बेटा.”

‘टीवी.’

“माझं चुकलं.”

यावर ते थोडं थांबले. मग लिहिलं, ‘लाँच सोडली ती चूक नाय. साठ मानसं होती.’ कागद उचलून पुन्हा: ‘घरी येऊन बोललो नाय ती चूक.’

मी विचार केला. मग म्हणालो, “ओहोटी लागली होती, पोरा.”

नूरीनचा हात कपावर थांबला. चाचा पाटीकडे बघत राहिले. मला वाटलं, जमलं. एवढ्यात त्यांनी सावकाश लिहिलं:

‘हे कारन हाय. माफी नाय.’

मी परंड्याचा असल्याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. विषय हलका करायचा म्हणून मी विचारलं, “चाचा, एरवी तुम्ही रायानशी कसं बोलायचात? लहान असताना?”

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी भराभर लिहिलं: ‘काय रे निवट्या, पाय धुतलेस का?’

खाडीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारत चालतात ते मासे म्हणजे निवट्या. रायान लहानपणी दिवसभर चिखलात असायचा, गुडघ्यापर्यंत काळा होऊन घरी यायचा, आणि लाँचवरून आलेला बाप दारात आडवा उभा राहून रोज हेच विचारायचा. “आमच्या घरातलं हाय हे,” नूरीन हसत म्हणाली. “भाईला बाहेर कोनी निवट्या बोललेलं चालायचं नाय. मारायचा.”

दोघांनी वाचलंय याची खात्री करून चाचांनी स्वतःच्या हाताने कागद उचलला. पाटी कोरी झाली. वहीत लिहून घे, असं त्यांनी सांगितलं नाही. ते मला दिलेलं नव्हतं, फक्त दाखवलेलं होतं. एवढं मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

“माफीचं वाक्य पुढच्या अपडेटला देतो, चाचा,” मी निघताना म्हणालो.

पाटी: ‘देनार?’

“देणार म्हणजे देणार.”

मंगळवारी स्मिता मॅडमनी माझं काम पाहिलं. शिपाई त्यांना फार आवडला. आधी अनोळखी माणसाला तो म्हणायचा, ‘क्षमस्व, आपला परिचय नाही.’ आता म्हणत होता, ‘तुला ओळखत नाय मी. बाजूला हो.’

“हां! हा आता शिपाई वाटतो,” त्या म्हणाल्या. “तांडेल मात्र खडूस झालाय जरा. नुसता हुकूम सोडतो. याला कुठेतरी माया दाखव ना. चौथं वाक्य कुठाय?”

चौथं वाक्य माफीचं होणार होतं आणि ते मला येत नव्हतं. संध्याकाळी सहाला फाइल बंद होऊन लगेच खेळात जाणार होती. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी ‘काय रे निवट्या, पाय धुतलेस का?’ टाइप केलं. स्वतःची समजूतही घातली: निवट्या काय, कुठल्याही पोराला म्हणता येतं. चाचांना सरप्राइज होईल. नूरीनला फोन करायचं मनात आलं, पण फोन केला असता तर ती नको म्हणाली असती, म्हणून केला नाही. ‘निघतो’ सगळ्यांत शेवटी हवं हा ऑफिसचा नियम, म्हणून ते चौथं झालं. निवट्या बसला तिसऱ्या जागी.

बुधवारी सकाळी नूरीनचा फोन आला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“तिसरं बटन तुमी बदललं?”

“हो.”

“अब्बा डोळं झाकून दाबतात ते. भाईला पलीकडं सोडलं, नि निघतो म्हनून दाबलं.” मागे कुठेतरी कंटेनर आदळल्याचा आवाज आला. “तांडेलाच्या डोक्यावर आलं, काय रे निवट्या. भाईचा शिपाई चालत होता तो थांबला. वळला. अब्बांच्या हातातनं फोनच पडला. मी उचलला तवर त्याचं उत्तर आलं होतं.”

“काय?”

“तुला ओळखत नाय मी. बाजूला हो.”



“आनि मग तो गेला,” नूरीन म्हणाली. “ नाव पन गेलं त्याचं. उरणकर शोधला तर मिळत नाय.”

त्या रविवारी मी उरणला गेलो. बसमध्ये माफीची वाक्यं जुळवत होतो, या वेळी स्वतःसाठी. एकही धड होत नव्हतं. चाचांसमोर उभा राहिलो आणि बोलून गेलो, “चाचा, ते वाक्य मी चोरलं. तुम्ही पुसलेलं मी पाठ केलं होतं.”

त्यांनी मला हाताने बसायची खूण केली. ते बारीक झाले होते, मान एका बाजूला कललेली. मग पाटी पुढे ओढून लिहिलं:

‘दाबलं मी.’

“पण ठेवलं मी ना, चाचा.”

कागद उचलला. ‘चार म्हैने फसवून नेलं त्याला पलीकडं. ते पन खोटंच.’ पुन्हा उचलला. ‘पोराचं उत्तर बराबर हाय. शिपाई असाच बोलंल.’

आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय कोण जाणे: ‘तुझा शिपाई आता नीट बोलतो.’

माझ्या कामाची एवढी मोठी तारीफ आजवर कोणी केलेली नाही. मी चहा न घेता निघालो. दारात नूरीनने पाटी पुढे धरली. आतून पाठवली होती. ‘माझं वाक्य?’

“पुढच्या अपडेटला,” मी म्हणालो.

ऑफिसात मी तिसरं बटण काढायला सांगितलं. स्मिता मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “आकडे बघ. अख्ख्या खेळात सगळ्यांत जास्त दाबलं जाणारं बटण आहे ते. लोक एकमेकांना निवट्या म्हणतायत. मार्केटिंगवाले टी-शर्ट करायचं म्हणतायत. काढायचं कशाला?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट बाई नाहीत त्या. शेवटी म्हणाल्या, “काढता नाही येणार रे. पण पाचवं बटण देते सगळ्या पात्रांना, नियम मोडून ‘निघतो’च्याही खाली. तांडेलाचं पाचवं तुझ्या त्या चाचांसाठी. लिही तू.”

तर आता हजारो तांडेल रोज दिवसभर, कुठल्याही पोराला, पाय धुतलेस का विचारतात. ज्या घरातलं ते होतं तिथे विचारणारा मात्र उरला नाही. चाचा जानेवारीत गेले. दुसरं ऑपरेशन डॉक्टरांनी केलंच नाही. शेवटचे पंधरा दिवस त्यांना काडी धरवत नव्हती, तेव्हा पाटीही गप्प झाली. पण फोन उशाशी होता आणि संध्याकाळ झाली की ते बोटाने खूण करायचे. नूरीन खेळ उघडून तांडेलाला धक्क्यावर उभं करायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तोच पलीकडे सोडायचा, सगळे बसल्यावरच होडी हलवून.

नूरीनने रायानला कळवलं. त्याने सुट्टी मागितली. मिळाली की नाही माहीत नाही, तो आला नाही. दफनाला मी होतो. माती द्यायला रांगेत उभा राहिलो. तीन मुठी टाकायच्या असतात हे मला शेजारच्याने हळूच सांगितलं. तीन मुठी टाकून मी बाजूला झालो. बोलायचं काही नव्हतं, त्यामुळे काही चुकलं नाही.

तांडेलाचं पाचवं बटण अजून कोरं आहे. बाकी सगळ्या पात्रांची पाच-पाच भरली. तक्रारी येतात: ‘तांडेलाचं शेवटचं बटण दाबलं तर काहीच होत नाही.’ उत्तर द्यायचं काम माझंच. मी लिहितो, ‘काम चालू आहे.’ ते खोटंही नाही. खोलीवर बसून मी रोज एखादं वाक्य लिहितो आणि त्याच्यासमोर चाचांचा एक-एक शब्द आपोआप येऊन बसतो. मास्तर. टीवी. कारन.

काल सोमवारी नूरीनचा फोन आला. चाळीसावा होऊन महिना झालाय. तिने अब्बांचा फोन बंद केलेला नाही. संध्याकाळी यार्डातून आली की पाच-दहा मिनिटं तांडेलाला धक्क्यावर उभं करते.

“एक नवा शिपाई येतो हल्ली,” ती म्हणाली. “नाव काय तरी नुसते आकडे हायत. दहा होड्या असल्या तरी आपल्याच होडीत बसतो. पलीकडं उतरतो, पन लगेच जात नाय.”

“रायान असेल?”

“इचारायचं बटन कुठं हाय?”



“परवा चुकून माझ्याकडनं पाचवं दाबलं गेलं,” ती म्हणाली. “काय आलं नाय वर. पन तांडेलाचं तोंड हलल्यासारखं झालं. तो शिपाई थांबला मग. लई वेळ थांबला, काय येतंय का बघत.”

“मग?”

“मग गेला. अब्बांचं वाक्य झालं का, संघर्षभाई?”

“पुढच्या अपडेटला देतो,” मी म्हणालो.

“घाई नाय,” नूरीन म्हणाली. “पन तो रोज येतो.”

अपडेट आज सहाला आहे. आत्ता पाच वाजून चाळीस मिनिटं झालीत.